कंपनीची रॅम, बर्डीची रॅम

नंदनवनातल्या कुठल्याही लेआउटमधून एक चक्कर मारा. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झोपलेला एखादा ब्रँडेड डेस्कटॉप दिसणारच. दादा केडीकेला इंजिनीअरिंगला लागला तेव्हा कॅबिनेटपासून कीबोर्डपर्यंत सगळा संसार एका खोक्यातून आलेला. दादा कधीचाच हिंजवडीला उडाला, पीसी मात्र इथंच राहिला. आता त्यावर सकाळी बाबांचं टॅली, दिवसभर ताईचं वर्क फ्रॉम होम आणि रात्री आईचं यूट्यूब अशा तीन शिफ्ट चालतात. आणि तो बिचारा पार गळाठलाय. एक्सेल उघडलं की क्रोम गोठतं, टीम्सवर कॉल लागला की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, आणि नेमकं बॉसनं स्क्रीन शेअर करायला सांगितलं की समोर नुसता पांढरा पडदा!

मग घरात चर्चासत्र भरतं. 'म्हातारा झाला तो, भंगारात काढा.' 'नवीनच घेऊन टाका नं, ईएमआयवर.' या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारतच नाही. अरे, त्याच्या पोटात रॅम किती आहे? बऱ्याचदा उत्तर निघतं चार जीबी. म्हणजे गडी धडधाकट आहे, फक्त उपाशी आहे!

इथून पुढची भीती वेगळी असते. कंपनीच्या मशीनमध्ये बाहेरची रॅम चालते का? वॉरंटी जाईल? मशीनच उडालं तर? उत्तर आधीच सांगून टाकतो. चालते, बिनधास्त चालते. फक्त ती जुळली पाहिजे. आणि जुळणार की नाही, हे दुकानात पाय ठेवायच्या आधी घरबसल्या कळतं. त्यासाठी इंजिनीअर असायची गरज नाही, लेबल वाचता आलं की पुरे.

आधी रोग ओळखा

जगनाडे चौकातून रोज गाडी काढता ना? तो चौक ज्यांच्या नावाचा, त्या संताजी जगनाडे महाराजांची गोष्ट आठवा. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि संताजींनी ते अभंग पुन्हा लिहून काढले, असं परंपरा सांगते. संगणकाच्या भाषेत संताजी म्हणजे हार्ड डिस्क, तीही बॅकअपसकट. लाइट जावो, काहीही होवो, लिहिलेलं राहतं. रॅमचं तसं नाही. रॅम म्हणजे किराणा दुकानाचं काउंटर. गिऱ्हाइकाला जे लागतं ते मागच्या गोदामातून काढून काउंटरवर मांडायचं. लाइट गेली की काउंटर साफ.

आता काउंटरच लहान असेल तर? प्रत्येक गिऱ्हाइकामागे आधीचा माल उचलून गोदामात ठेवा, नवा आणा, पुन्हा पहिला आणा. विंडोज नेमकं हेच करतं. रॅम भरली की उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. रॅमच्या मानानं डिस्क फारच संथ, म्हणून माउस थिजतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. रोजचं काम जसं उघडता तसं सगळं उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला की परफॉर्मन्सवर जा. तिथं तीन शक्यता दिसतील. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर आणि डिस्क धापा टाकतेय, तर रॅम कमी पडतेय. मेमरी अर्धी रिकामी आणि सीपीयू शंभरला टेकलेला, तर रॅम वाढवून काडीचाही फरक पडणार नाही. मेमरीत भरपूर जागा आहे, पण डिस्क कायम शंभरावर, तर आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिथं आधी एसएसडी बसवा, रॅमचं नंतर बघू. दुकानदार हा हिशेब सांगेलच असं नाही, कारण त्याला दोन्ही विकायचं असतं.

आणि रॅम किती घ्यायची? ब्राउझर, मेल आणि टॅली एवढंच काम असेल तर आठ जीबीत निभतं. दिवसभर टीम्स, मोठ्या एक्सेल शीट आणि क्रोमचे तीसेक टॅब असतील तर १६ घ्या. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीनवाल्यांनी ३२ चा विचार करावा. बाकीच्यांनी उगाच शायनिंग मारू नये.

'कंपनीची' म्हणजे नेमकी कुणाची?

आपल्याकडे 'कंपनीचा माल' या शब्दाला एक वजन आहे. कंपनीचं म्हणजे अस्सल आणि बाहेरचं म्हणजे डुप्लिकेट, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय. रॅमच्या बाबतीत मात्र ते साफ चुकतं.

एचपी, डेल, लेनोव्हो यांपैकी कुणीही डेस्कटॉपच्या रॅमची चिप बनवत नाही. जगातल्या बहुतेक सगळ्या चिपा तीनच कंपन्यांकडून येतात. कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. ब्रँडेड पीसी उघडून आतल्या पट्टीवरचं लेबल वाचा. यांच्यापैकीच एखादं नाव असतं, नाहीतर किंग्स्टनसारख्या मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीचं. म्हणजे जिला आपण कंपनीची म्हणतो, तीही बाहेरचीच!

ती कुठल्याही मशीनमध्ये बसते कशी? कारण पट्टीची लांबी, पिनांची संख्या, व्होल्टेज, वेग हे सगळं जेडेक नावाची संस्था ठरवते आणि चिपवाले, बोर्डवाले सगळे ते पाळतात. बल्बचा होल्डर ठरलेला असला की बल्ब कुणाचाही चालतो, तसंच हे.

या बाहेरच्या बाजाराची सुरुवातही मजेदार आहे. १९८० च्या दशकात मेमरी चिपांची टंचाई पडली होती. बोर्डावर चिकटवायच्या नव्या चिपा मिळेनात. तेव्हा कॅलिफोर्नियात जॉन टू आणि डेव्हिड सन या दोघांनी बाजारात सहज मिळणाऱ्या जुन्या धाटणीच्या चिपा वापरून पट्टी बनवली. १९८७ साली त्यातून किंग्स्टन उभी राहिली. १९९६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेनं तिचा ८० टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरला घेतला आणि या दोघांनी त्यातले १० कोटी डॉलर कर्मचाऱ्यांना बोनस म्हणून द्यायचं ठरवलं. असे बॉस कुठं मिळतात हो? तीन वर्षांनी त्यांनी तोच हिस्सा बराच स्वस्तात परतही घेतला. सांगायचा मुद्दा असा की थर्ड पार्टी रॅम हा काही गल्लीतला जुगाड नाही. तो चाळिशीकडे निघालेला जागतिक धंदा आहे.

काही घरांत तर दुसरा पर्यायच नाही. एचसीएल आणि विप्रो या दोघांनी २०१३ मध्ये पीसी बनवणं थांबवायचा निर्णय घेतला. त्यांचं जुनं मशीन अजून चालत असेल तर त्याला 'कंपनीची' रॅम आणणार कुठून?

पाच कुलपं, पाच किल्ल्या

जुळणं म्हणजे काय, ते आता बघू. पाच गोष्टी आहेत. यातली एक जरी चुकली तरी पैसे अडकले म्हणून समजा.

पहिली, पिढी. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर ३ ला २४० पिना, चार आणि पाचला २८८. चार आणि पाचच्या पिना सारख्या असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावला तर पट्टी नाहीतर स्लॉट तुटेल. व्होल्टेजही उतरत गेलंय. डीडीआर ३ चं दीड व्होल्ट, त्याच्याच 'एल' प्रकाराचं १.३५, डीडीआर ४ चं १.२ आणि डीडीआर ५ चं १.१.

मशीनच्या वयावरून पिढीचा अंदाज बांधू नका. डेलचं ऑप्टिप्लेक्स ३०४० घ्या. इंटेलच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर असलेलं मशीन. सगळे म्हणतील, डीडीआर ४ असणार. पण त्यात लागते डीडीआर ३ एल. त्याचाच पुढचा भाऊ ३०५०, त्याला मात्र डीडीआर ४. आणि गंमत ऐका, ऑप्टिप्लेक्स ७०१० या नावाची दोन मशीनं आहेत. एक २०१२ चं, डीडीआर ३ वालं. दुसरं २०२३ चं, त्यात साध्या मॉडेलला डीडीआर ४ आणि 'प्लस'ला डीडीआर ५. दुकानात नुसतं 'सत्तर दहा' म्हणून चालणार नाही.

दुसरी, आकार. उभ्या टॉवरमध्ये लांब पट्टी लागते. छोट्या डब्यासारख्या मिनी पीसीत आणि बहुतेक ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपची आखूड पट्टी लागते, तिला सोडिम म्हणतात. सगळं डेस्कटॉपच, पण पट्टी वेगळी.

तिसरी, जात. कंपन्यांचे जुने सर्व्हर मोडीत निघाले की त्यातली रॅम बाजारात येते. आठ-सोळा जीबीच्या पट्ट्या, भाव बघून जीव सुखावतो. डीडीआर ३ किंवा ४ ची असेल तर ती आपल्या स्लॉटमध्ये बसतेही छान. पण ती 'रजिस्टर्ड' जातीची असते आणि घरगुती बोर्डावर चालू होत नाही. घरच्या मशीनला 'अनबफर्ड' रॅम लागते. डीडीआर ३ मध्ये आणखी एक सापळा आहे. 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेल्या स्वस्त पट्ट्या इंटेलच्या बोर्डावर रुसून बसतात.

चौथी, मर्यादा. प्रत्येक बोर्डाचं पोट ठरलेलं असतं. इंटेलच्या एच ६१ आणि एच ८१ चिपसेटच्या बोर्डांवर दोन स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी. एच ११० वर ३२. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर चार जीबीच्या वर कितीही टाका, वरची फुकट. आधी विंडोज बदला.

पाचवी, वेग. इथं टेन्शन नको. वेगवान पट्टी संथ मशीनमध्ये लावली तर ती मुकाट्यानं संथ चालते. दोन वेगळ्या वेगांच्या लावल्या तर दोघी सहसा कमी वेगाच्या चालीनं चालतात. म्हणून ३२०० च्या लाल-निळे दिवे लावलेल्या गेमिंग रॅमवर पैसे उधळू नका. ब्रँडेड पीसीच्या बायोसमध्ये वेग वाढवायची सोय बहुधा नसतेच, आणि उंच पत्र्याची ती पट्टी छोट्या कॅबिनेटमध्ये अडकते ती वेगळीच.

'दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या पाहिजेत' असंही सांगतात. पाहिजेतच असं नाही. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला दोन रस्त्यांनी माल मिळतो, म्हणून आठची एक घेण्यापेक्षा चारच्या दोन चांगल्या. विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक जाणवतो. पण आधीच्या चारसोबत आठची लावली तरी इंटेलची मशीनं तेही सांभाळून घेतात.

बर्डीला जाण्याआधी

टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली बघा. वेग, पट्टीचा आकार आणि 'दोनपैकी एक स्लॉट वापरात' अशी माहिती तिथंच मिळते. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं तर बोर्डाचं नाव, चिपसेट आणि रॅमची पिढीही कळते. मग कॅबिनेट उघडून पट्टीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावर इंग्रजीत पीसी ३ एल असेल तर कमी व्होल्टेजची डीडीआर ३, पीसी ४ असेल तर डीडीआर ४. डीडीआर ३ वर १२८०० हा आकडा दिसला तर घाबरू नका, तो १६०० चा वेगच दुसऱ्या मापात लिहिलाय.

एवढं झालं की जगनाडे चौकातून ग्रेट नाग रोडनं बर्डी गाठा आणि मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरा. तिथला संवाद साधारण असा होतो.

'भाऊ, आठ जीबी रॅम पाहिजे.'

'डीडीआर फोर नं? घेऊन जा, चालून जाते.'

'डीडीआर थ्री एल आहे माझी, हा फोटो बघा.'

'असं म्हणा नं मग! थांबा, आतून काढतो.'

बघितलंत? एका फोटोनं तुम्ही 'गिऱ्हाईक' होता होता वाचलात. अजून खात्री पाहिजे तर अस्सल नागपुरी उपाय करा. कॅबिनेटच गाडीवर दोन पायांमध्ये ठेवून न्या आणि समोर लावून, चालू करून, मगच पैसे द्या. सीपीयू-झेडमध्ये नवी पट्टी नीट दिसतेय ना, ते तिथंच तपासा. वर नाव एक आणि आत माल दुसरा, असेही नमुने बाजारात असतात. पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात, पण चांगल्या ब्रँडची वर्षानुवर्षांची वॉरंटी हातची जाते.

भाव का भडकले?

'मागे तर अर्ध्या किमतीत मिळत होती!' हे वाक्य २०२५ च्या अखेरीस प्रत्येक काउंटरवर ऐकू येऊ लागलं. कारण एआय. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि तीनही बड्या कंपन्यांनी आपली ताकद तिकडे वळवली. आपल्या घरच्या पीसीसाठी चिपा उरल्या कमी, त्यामुळे काही महिन्यांतच कित्येक पट्ट्यांचे भाव दुपटीच्या वर गेले. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं जाहीर केलं की आपला 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड ती बंद करतेय. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी सांभाळू, असंही सांगितलं, म्हणून घरात क्रुशलची पट्टी असेल तर बिल जपून ठेवा.

म्हणजे टंचाईतून जन्मलेला हा धंदा पुन्हा टंचाईत सापडला. आपण काय करायचं? एक, हवी तेवढीच घ्या. 'पुढं लागेल' म्हणून ३२ नको. दोन, डीडीआर ३ किंवा ४ चं मशीन असेल तर दुसऱ्या मशीनमधून निघालेली पट्टी घ्यायला लाजू नका. रॅममध्ये फिरणारा, झिजणारा भाग नसतो. फक्त बदलून देण्याचा शब्द बिलावर लिहून घ्या, आणि रात्रभर मेमटेस्ट ८६ चालवा. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर पट्टी परत.

तीन, पैसे टाकण्याआधी मशीनचं भविष्य बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. तुमचं मशीन यात बसत असेल तर रॅमवर खर्च करणं शहाणपणाचं. बसत नसेल तर लिनक्स टाकून घरच्या कामाला ठेवा आणि त्यावर थोडकाच खर्च करा.

आणि वॉरंटी? मशीनची मुदत उरली असेल तर कागद वाचा. मोठ्या कंपन्या आपल्याच मॅन्युअलमध्ये रॅम कशी बदलायची ते चित्रांसह देतात, म्हणजे कॅबिनेट उघडणं हा काही गुन्हा नाही. बाहेरच्या पट्टीची जबाबदारी मात्र ते घेत नाहीत, आणि लावताना तुम्ही काही तोडलंत तर तेही भरून देत नाहीत. वस्तू आपली, तर दुरुस्तीही आपल्या मर्जीनं, हा विचार आता सरकारदरबारीही पोचलाय. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं.

दहा मिनिटांचं ऑपरेशन

मशीन बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर उघडू नका, आत धूळही जाते आणि ओलही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला करंट उतरवा, कोरड्या हवेत तो फार साठतो. पट्टी कडांना धरा, सोनेरी पिनांना बोट नको. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिप 'टक्' करून बंद झाली की झालं.

चालू केल्यावर डेलच्या मशीनवर 'मेमरी बदलली आहे' अशा अर्थाची सूचना येते. तो बिघाड नाही, मशीन फक्त नोंद घेतंय. पडदा काळाच राहिला आणि बीप-बीप सुरू झालं तर पट्टी काढून पुन्हा बसवा. जुन्या पट्टीच्या पिना काळवंडल्या असतील तर मऊ खोडरबरानं हलकेच पुसा आणि चुरा झटका. आपल्याकडचे मेकॅनिक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत, आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

खिशातली चिठ्ठी

• टास्क मॅनेजर बघितल्याशिवाय रॅम घेऊ नका.
• फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी.
• पिढी, आकार, जात, मर्यादा, वेग. याच क्रमानं तपासा.
• मॉडेलच्या नावासोबत वर्षही सांगा.
• जुन्या पट्टीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
• समोर लावून बघा, पक्कं बिल घ्या, रात्रभर टेस्ट करा.

या रविवारी कोपऱ्यातल्या त्या डेस्कटॉपवरचं कव्हर काढा आणि आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा. ईएमआयचा फॉर्म सोमवारीही भरता येईल.